‘आमची कंपनी पर्यावरणपूरक आहे’ हे वाक्य आधी खोडा: हरित तंत्रज्ञान मोजणारी प्रश्नावली कशी करावी

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, इचलकरंजी या पट्ट्यातल्या कारखान्यांकडे प्रश्नावल्या जातच असतात. कुणाचा एमबीएचा प्रकल्प, कुणाची पीएचडी, कधी एखाद्या उद्योजक संघटनेची पाहणी. सध्या हरित तंत्रज्ञान हा लाडका विषय आहे. परत आलेले फॉर्म चाळले की एकच चित्र दिसतं: खालपर्यंत सगळ्या खुणा ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’च्या रकान्यात. मग त्यावर सरासरी, सहसंबंध, प्रतिगमन असं सगळं रीतसर चढवलं जातं आणि निष्कर्ष निघतो की कोल्हापूरचे उद्योग हरित नवोपक्रमात आघाडीवर आहेत.

‘आमची कंपनी पर्यावरणाची काळजी घेते’ असं छापून पुढे केलं, तर कोणता मालक ‘असहमत’वर खूण करणार? असला प्रश्न कारखान्यातलं काहीच मोजत नाही, मालकाचं सौजन्य तेवढं मोजतो. खालची रीत एकाच आग्रहावर उभी आहे: प्रत्येक मुख्य प्रश्नाचं उत्तर एखाद्या मशीनकडे बोट दाखवून किंवा एखादा कागद काढून देता आलं पाहिजे. मत विचारायलाही जागा आहे, पण ती मर्यादित आणि बरीच उशिरा येते.

## टप्पा १: काय मोजायचं ते एका वाक्यात बांधा

प्रश्न लिहायला बसण्याआधी हे वाक्य कागदावर घ्या:

‘१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळात या प्लांटमध्ये असा कोणता नवा किंवा ठळकपणे सुधारलेला बदल प्रत्यक्ष वापरात आला, ज्यामुळे प्रति टन किंवा प्रति नग ऊर्जा, पाणी, कच्चा माल किंवा प्रदूषण कमी झालं?’

यातला एकही तुकडा गाळू नका.

‘या प्लांटमध्ये’: एकाच मालकाची फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) शिरोलीत आणि मशीनशॉप गोकुळ शिरगावला असू शकतं. ‘तुमच्या कंपनीत’ असं विचारलं की तो दोन्हींची सरमिसळ करून उत्तर देतो. वीजजोडणी वेगळी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेंट (कारखाना चालवण्याची परवानगी) वेगळा, तर फॉर्मही वेगळा.

‘नवा’: कुणासाठी नवा? नवोपक्रम मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ऑस्लो मॅन्युअलच्या २०१८च्या चौथ्या आवृत्तीत तुलना त्या घटकाच्या स्वतःच्या आधीच्या उत्पादनाशी किंवा प्रक्रियेशी केली आहे. इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) जगाला जुनी असेल, पण काल-परवापर्यंत क्युपोला (कोळशाच्या कोकवर चालणारी भट्टी) चालवणाऱ्या फौंड्रीसाठी ती नवीच. ‘बाजारात तुम्ही पहिले होता का’ आणि ‘बदल स्वतः विकसित केला की पुरवठादाराकडून तयार घेतला’ हे दोन प्रश्न स्वतंत्र ठेवा. नाहीतर छोट्या कारखान्यांच्या वाट्याला शून्यच येणार.

‘वापरात आला’: ऑर्डर दिलेली, गोदामात पडलेली, उद्घाटन होऊन बंद पडलेली यंत्रणा मोजायची नाही.

काळ: हेच मॅन्युअल एक ते तीन वर्षांचा काळ सुचवतं. त्याहून मागे गेलात की आठवण दगा देते. आणि आपल्याकडे मागे गेलं की २०२०-२१चा लॉकडाऊन आणि जुलै २०२१चा पूर आडवा येतो. त्या वर्षांतलं उत्पादन आणि वीजवापर तुलनेला धरण्यासारखे नाहीत. कॅलेंडर वर्ष तर नकोच, कारखान्याचे बहुतेक कागद एप्रिल ते मार्च या हिशेबाचे असतात.

आता बदलांचे प्रकार पाडा. शेवटी लावलेली यंत्रणा (धूर, धूळ किंवा सांडपाणी तयार झाल्यावर पकडणारी), प्रक्रियेतला बदल (मुळात कमी तयार करणारी) आणि उत्पादनातला बदल (ग्राहकाकडे गेल्यावर कमी ऊर्जा खाणारं पंपासारखं उत्पादन). पहिला प्रकार बहुधा मंडळाच्या अटीमुळे येतो, दुसरा बहुधा खर्च वाचवण्यासाठी. तिघांची एक बेरीज केली की कारण आणि परिणाम दोन्ही धूसर होतात.

> तपासणी: पुढची पाच उदाहरणं दोन जणांना वेगवेगळी वर्गवारी करायला द्या. क्युपोला काढून इंडक्शन फर्नेस, क्युपोलाच्या धुराड्याला बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांनी धूळ पकडणारी यंत्रणा), शेडवर सोलर, आवारात झाडं लावली, आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र घेतलं. झाडं या मोजणीत येत नाहीत. प्रमाणपत्र ही व्यवस्थापनाची पद्धत आहे, ती वेगळ्या ओळीत विचारा. सोलर हा ऊर्जास्रोतातला बदल आहे, त्याची कार्यक्षमतेशी गल्लत करू नका. दोघांची वर्गवारी जुळली नाही तर तुमची व्याख्या अजून कच्ची आहे. पुढे जाऊ नका.

## टप्पा २: कुणाला विचारायचं आणि कुणाकडून भरून घ्यायचं

आधी कारखान्यांची यादी. संघटनांच्या सभासद-याद्या सोयीच्या असतात, पण त्यात सभासद नसलेले छोटे घटक सुटतात आणि बंद पडलेले तसेच राहतात. यादी घेतलीत तर एकदा वसाहतीतून फिरून गेटवरच्या पाट्यांशी ताडून बघा.

सूक्ष्म, लघू, मध्यम असे गट करताना एक चूक हमखास होते. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्या आहेत. सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघू म्हणजे २५ आणि १०० कोटींपर्यंत, मध्यम म्हणजे १२५ आणि ५०० कोटींपर्यंत. आधीच्या मर्यादेत ६० कोटी उलाढालीचा कारखाना मध्यम होता, आता गुंतवणूक मर्यादेत असेल तर तो लघू. कोणती मर्यादा धरली ते फॉर्मवर छापा आणि ‘तुम्ही लघू की मध्यम?’ असं न विचारता उलाढालीचा गट विचारा. वर्गवारी तुम्ही करा.

भरणार कोण, हा त्याहून अवघड प्रश्न. सगळा फॉर्म मालकाकडे दिला की विजेचे आकडे अंदाजे येतात. सगळा सुपरवायझरकडे दिला की गुंतवणुकीचे रकाने कोरे राहतात. एचआरकडे गेला तर उत्तरं वार्षिक अहवालासारखी गुळगुळीत येतात. फॉर्मचे तीन सुटे भाग करा:

1. मालक किंवा भागीदार: निर्णय, कारणं, अडचणी, गुंतवणूक.
2. प्लांट, मेंटेनन्स किंवा फर्नेस इन्चार्ज: काय बसवलं, कधी, चालू आहे का.
3. अकाउंट्स: बिलं, उत्पादनाचं टनेज, मंडळाकडे भरलेली विवरणपत्रं.

छोट्या वर्कशॉपमध्ये तिन्ही माणसं एकच असतात. तिथे तिन्ही भाग त्यांच्यासमोरच बसून भरून घ्या.

आणि एकच प्रश्नावली फौंड्री, प्रोसेस हाऊस आणि साखर कारखाना या तिघांना चालत नाही. गाभ्याचे प्रश्न (वर्ष, चालू-बंद, कारण, खर्च, परिणाम) सर्वांना सारखे, यंत्रणांची यादी मात्र उद्योगानुसार. फौंड्रीच्या यादीत सँड रिक्लेमेशन प्लांट, डिव्हायडेड ब्लास्ट क्युपोला, कॉम्प्रेसरला व्हीएफडी (गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारं उपकरण). इचलकरंजीच्या प्रोसेसिंगसाठी कॉस्टिक रिकव्हरी, कंडेन्सेट रिकव्हरी, कमी पाण्यात रंगाई करणारी मशीन. साखर कारखान्यासाठी बगॅसवरची सहवीजनिर्मिती, डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशसाठी (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यासाठी) बाष्पीभवन आणि इन्सिनरेशन बॉयलर. फौंड्रीवाल्याला ‘पाण्याचा पुनर्वापर’वर पाच प्रश्न विचारलेत, तर पुढच्या प्रश्नांना तो कंटाळूनच उत्तरं देईल.

## टप्पा ३: प्रश्नाआधी कागद बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. एखाद्या ओळखीच्या कारखान्यात अर्धा दिवस बसा आणि तिथे कोणती माहिती आधीच लिहिलेली असते ते पाहा. तुमच्या प्रश्नातलं एकक त्या कागदातल्या एककाशी जुळलं पाहिजे.

महावितरणचं बिल. मोठ्या जोडणीच्या बिलात केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली वीज, म्हणजे आपलं नेहमीचं युनिट) आणि केव्हीएएच (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरून येणारा आकडा) असे दोन वेगळे आकडे दिसतात. कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर सुधारला की दुसरा आकडा उतरतो, पण भट्टीनं खाल्लेली वीज जवळपास तेवढीच राहते. म्हणून फॉर्मवर स्पष्ट लिहा: ‘केडब्ल्यूएच लिहा’. रुपये विचारू नका. दर बदलत असतात.

सोलर असेल तर बिलावरचा आकडा पुरत नाही. छतावर तयार होऊन तिथेच वापरली गेलेली वीज बिलात येतच नाही. एकूण वापर म्हणजे महावितरणकडून घेतलेली वीज, अधिक सोलरची निर्मिती, वजा ग्रिडला दिलेली वीज. तिन्ही आकड्यांसाठी तीन रकाने ठेवा. नाहीतर ज्यानं फक्त पॅनेल बसवले तो तुमच्या हिशेबात सगळ्यात कार्यक्षम ठरेल.

पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच. मंडळाचा कन्सेंट लागणाऱ्या उद्योगांना ३१ मार्चला संपलेल्या वर्षासाठी ते ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं. पाणी आणि कच्च्या मालाचा वापर, बाहेर पडणारं प्रदूषण, घातक आणि घन कचरा हे सगळं त्यात असतं, पाणी आणि कच्चा माल तर प्रति एकक उत्पादनाच्या हिशेबात. पुष्कळ ठिकाणी ते सल्लागारानं भरलेलं असतं आणि मालकानं फक्त सही केलेली असते, हे ध्यानात ठेवून वापरा.

घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म चार. मुदत ३० जून. रंगकाम, प्लेटिंग, तेलाचा गाळ यासाठी उपयोगी.

उत्पादन रजिस्टर. भागाकाराचा तळ इथून येतो आणि तो चुकला की बाकी सगळं वाया. फौंड्रीत वितळवलेला धातू किती, हा एक आकडा. ग्राहकाला गेलेलं चांगलं कास्टिंग किती, हा दुसरा. मधे रनर, रायझर (साच्यात धातू पोचवणारे, नंतर कापून टाकायचे भाग) आणि रिजेक्शन असतं. रिजेक्शन कमी करणं हीच फौंड्रीतली मोठी ऊर्जाबचत असते, कारण बाद झालेला नग पुन्हा वितळवावा लागतो. वितळवलेल्या टनावर भागाकार केलात तर ही बचत दिसणारच नाही. दोन्ही टनेज विचारा.

एकूण आकड्यांवर का थांबू नये, त्याचं उदाहरण (आकडे केवळ समजण्यासाठी): एका फौंड्रीनं पहिल्या वर्षी ४०० टन चांगलं कास्टिंग दिलं आणि २,८०,००० युनिट वीज वापरली. तिसऱ्या वर्षी ३०० टन आणि २,२५,००० युनिट. मालक समाधानानं सांगेल की वीज ५५,००० युनिटनं कमी झाली. पण टनामागे ७०० युनिटची ७५० झाली. ऑर्डरी कमी झाल्या, भट्टी अर्धी भरून चालली, एवढाच त्याचा अर्थ.

> सावधान: जॉबवर्क तपासा. मशीनिंग किंवा रंगाई बाहेर द्यायला सुरुवात केली की कारखान्याची वीज आणि पाणी एकदम खाली येतं. प्रदूषण मात्र पत्ता बदलून दुसऱ्या शेडमध्ये गेलेलं असतं. ‘या काळात कोणतं काम बाहेर द्यायला किंवा आत करायला सुरुवात केली?’ हा प्रश्न असलाच पाहिजे.

## टप्पा ४: प्रश्न लिहा, मग मोडून पुन्हा लिहा

पहिला मसुदा कधीच थेट वापरायचा नसतो. नेहमी सापडणाऱ्या चुका आणि त्यांची दुरुस्ती अशी:

एका प्रश्नात दोन प्रश्न.
चूक: ‘तुम्ही ऊर्जा आणि पाणी वाचवणारं तंत्रज्ञान वापरता का?’
सायझिंगवाल्यानं (विणण्याआधी सुताला खळ लावणाऱ्यानं) बॉयलर बदलला, पण पाणी तेवढंच लागतं. त्यानं काय लिहायचं? ‘आणि’, ‘किंवा’, ‘तसेच’ दिसला की प्रश्न तोडा.

दुबळं होय-नाही.
चूक: ‘सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा आहे का? होय / नाही.’
दुरुस्ती: ‘सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा: (१) रोज चालते (२) बसवली आहे, कधीमधी चालते (३) बसवली आहे, बंद आहे (४) ऑर्डर दिली आहे (५) नाही (६) आमच्या प्रक्रियेला लागू नाही. बसवली असल्यास महिना आणि वर्ष.’
दुसरा आणि तिसरा पर्याय छापलेला असतो म्हणूनच माणूस तो निवडू शकतो. पंचगंगेच्या पाण्याबद्दल ज्याला काही शोधायचं आहे, त्यानं तर हे दोन पर्याय गाळूच नयेत. सामायिक प्रक्रिया केंद्राला पाणी देणाऱ्यांसाठी आणखी एक पर्याय वाढवा.

उत्तर सुचवणारा प्रश्न.
चूक: ‘वाढत्या प्रदूषणाच्या पार्श्वभूमीवर हरित तंत्रज्ञान आवश्यक आहे असं तुम्हाला वाटतं का?’
याची दुरुस्ती होत नाही. काढून टाका.

परिणाम न विचारता फक्त खरेदी विचारणं. युरोपीय देशांच्या नवोपक्रम सर्वेक्षणात २००८ साली पर्यावरणाचा वेगळा भाग जोडला गेला. त्यात यंत्रांची नावं न विचारता फायदा कुठे झाला ते विचारलं होतं: प्रति एकक उत्पादन कच्चा माल कमी लागला का, ऊर्जा कमी लागली का, घातक पदार्थाऐवजी दुसरा आला का, कचरा-पाणी-माल परत वापरात आला का, आणि वेगळ्या गटात, ग्राहकाकडे वापरताना फायदा झाला का. ही मांडणी चांगली आहे, पण नुसत्या फायद्यावर राहू नका. आपल्याकडे आधी यंत्र, मग त्याचा फायदा, मग ‘हा आकडा मोजला की अंदाजानं सांगितला’ अशी तिघांची साखळी ठेवा. शेवटचा छोटा रकाना विश्लेषणात फार कामी येतो.

एकमेकांवर चढलेले गट. ‘५ ते १० लाख, १० ते २५ लाख’. दहा लाखवाला कुठे जाईल? ‘५ लाख ते १० लाखांपेक्षा कमी’, ‘१० लाख ते २५ लाखांपेक्षा कमी’ असं लिहा. गुंतवणुकीचा नेमका आकडा विचारलात तर बहुतेक जण तो रकाना सोडून देतात, गट मात्र सांगतात. बहुतेक मशिनं कर्जावर येतात, म्हणून ‘यंत्राची एकूण किंमत’ की ‘स्वतः घातलेले पैसे’ हेही स्पष्ट करा.

कारण विचारताना. ‘का केलं?’ हा मोकळा प्रश्न ठेवला की ‘पर्यावरणासाठी’ असं उत्तर मिळतं. यादी द्या: वीजबिल किंवा इंधनखर्च, मंडळाची अट किंवा नोटीस, ग्राहक कंपनीचं ऑडिट, रिजेक्शन कमी करणं, अनुदान किंवा स्वस्त कर्ज, जुनं मशीन संपलं होतं, कामगार मिळत नव्हते, शेजाऱ्यांच्या तक्रारी, इतर. लागू असतील त्या सगळ्यांवर खूण, आणि खाली ‘यातलं सगळ्यात मोठं एक कारण’ असा वेगळा रकाना. ‘जुनं मशीन संपलं होतं’ हा पर्याय पुस्तकी प्रश्नावल्यांत क्वचित सापडतो आणि प्रत्यक्षात फार मोठा असतो. अर्ध्या फॉर्मवर यादीचा क्रम उलटा छापा, कारण वरच्या दोन पर्यायांवर खुणा जास्त पडतात.

अडचणी फक्त ‘न केलेल्यांना’ विचारणं. ज्यानं बदल केला त्यालाच अडचणी नीट माहीत असतात. वाहन उद्योगाला कास्टिंग देणाऱ्याला प्रक्रिया बदलली की ग्राहकाची नव्यानं मंजुरी घ्यावी लागते, आणि त्यात महिने जाऊ शकतात, हे ज्यानं केलं तोच सांगेल. दोघांनाही विचारा.

मतांची मोजपट्टी वापरायची ती इथे. अडचणी, दबाव, माहितीचे स्रोत यांसाठी ‘अजिबात नाही, थोडी, मध्यम, बरीच, फार मोठी’ अशी पाच पायऱ्यांची पट्टी ठीक आहे. पाचही पायऱ्यांना शब्द द्या, फक्त टोकांना नको. सगळ्या फॉर्मभर दिशा एकच ठेवा. ‘आम्हाला अडचण आली नाही असे नाही’ असली वाक्यं घालून उत्तरकर्त्याची जागरूकता तपासायला जाऊ नका. मराठीत दुहेरी नकार वाचताना माणूस अडतो आणि चुकीची खूण करतो. तुम्हाला मात्र वाटतं की त्यानं न वाचताच भरलं.

तीन वेगळी ‘नाही’. ‘शून्य’, ‘लागू नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांना तीन वेगळी घरं द्या. कोरा रकाना या तिघांपैकी काहीही असू शकतो, आणि घरी येऊन तो ओळखता येत नाही.

भाषेबद्दल थोडंच. फॉर्म परिपत्रकाच्या मराठीत नको. ‘अपशिष्ट न्यूनीकरणाप्रती संघटनात्मक कटिबद्धता’ शॉपफ्लोअरवर कुणी बोलत नाही. फर्नेस, सँड, कूलिंग टॉवर, ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा), कन्सेंट हे शब्द जसे बोलले जातात तसे लिहा. इंग्रजीतली तयार मोजपट्टी वापरत असाल तर एकानं मराठीत आणायची, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत न्यायची, आणि मग दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून बघायचे. मालकासाठी एक आणि इन्चार्जसाठी एक अशा दोन भाषांतल्या प्रती ठेवल्या तर क्रमांक दोन्हींत तेच राहू द्या.

> तपासणी: प्रत्येक प्रश्नासमोर समासात लिहा: ‘उत्तर कोण देणार, कोणता कागद किंवा कोणतं मशीन बघून देणार, आणि या उत्तरानं मी कोणता तक्ता भरणार.’ तिन्ही लिहिता आलं नाही तर प्रश्न बाद.

## टप्पा ५: क्रम लावा

सोपं आणि निरुपद्रवी आधी: काय बनवता, किती शिफ्ट, कोणती भट्टी. मग यंत्रणांची यादी. मग आकडे. मग कारणं आणि अडचणी. नोटीस, दंड, तक्रारी आणि उलाढाल सगळ्यात शेवटी. पहिल्याच पानावर उलाढाल विचारली की मालकाला तुम्ही कुठल्यातरी खात्याचे वाटता.

फॉर्मच्या डोक्यावर ‘हरित नवोपक्रम सर्वेक्षण’ असं मोठ्या अक्षरात छापू नका. ‘ऊर्जा, पाणी आणि कच्च्या मालाच्या वापरातले बदल: माहितीपत्रक’ असं लिहा. ते खरंही आहे आणि उत्तरकर्त्याला हवं ते उत्तर आधीच सांगतही नाही. संशोधन कोण करतंय, माहिती कुठे वापरणार, नाव गुप्त राहील का, हे संमतीच्या चार ओळींत साध्या शब्दांत द्या आणि सही घ्या.

कारखान्याचं नाव, फोन आणि सही वेगळ्या कागदावर, उत्तरं वेगळ्या कागदावर. जोडणारा फक्त एक क्रमांक. ‘मंडळाची नोटीस आली का’ या उत्तराच्या शेजारी कारखान्याचं नाव असलेला कागद कॉलेजच्या कपाटात पडून राहणं बरं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदाही आता आहेच.

‘नाही असल्यास थेट प्रश्न १४ वर जा’ अशा सूचना ठळक छापा आणि उडी मारून पोचलेला प्रश्न पानाच्या वरच्या बाजूला येईल असं बघा.

## टप्पा ६: चाचणी घ्या, दोनदा

पहिली चाचणी बोलून. चार-पाच जण पुरेत: एखादा फौंड्रीवाला, एखादा प्रोसेसिंगवाला, एक फर्नेस इन्चार्ज, एक अकाउंटंट. त्यांना प्रश्न मोठ्यानं वाचायला सांगा आणि डोक्यात काय येतं ते बोलायला लावा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘हा प्रश्न तुम्ही तुमच्या मेंटेनन्सवाल्याला कसा विचाराल?’ असं विचारा. ‘सँड परत वापरता का’ हा प्रश्न तिथे लगेच उघडा पडतो. ग्रीन सँड फौंड्रीत सँड चाळून, पाणी घालून रोजच परत वापरली जाते. तुम्हाला विचारायचं असतं ते जळालेली सँड यंत्रानं स्वच्छ करून नव्या सँडची खरेदी कमी करण्याबद्दल. मग प्रश्न बदलतो: ‘टनामागे नवी सँड किती किलो लागते?’

दुसरी चाचणी भरून. तीसेक कारखान्यांत पूर्ण फॉर्म भरून घ्या. हे कारखाने पुढच्या मुख्य नमुन्यात घेऊ नका. मग बघायचं ते एवढं: कोणत्या प्रश्नाला जवळपास सगळ्यांचं एकच उत्तर आलं (काढा), कोणता जास्त कोरा राहिला (फोडा किंवा काढा), ‘इतर’मध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कुणी लिहिली (पर्याय वाढवा), किती वेळ लागला.

> सावधान: क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते दाखवणारा आकडा) सगळ्या फॉर्मवर चालवू नका. एकाच गोष्टीकडे बोट दाखवणाऱ्या मतांच्या विधानांना तो लागू पडतो, आणि तिथे ०.७च्या पुढचा आकडा साधारण मान्य धरतात. यंत्रांच्या यादीला तो लागू नाही. ज्यानं बॅग फिल्टर बसवला त्यानं सोलरही बसवलाच पाहिजे असं कुठे आहे? यादीचा अल्फा कमी आला म्हणून चांगले प्रश्न कापू नका, आणि तक्त्यात मोठा आकडा दिसावा म्हणून एकच विधान तीन शब्दांत फिरवून टाकू नका. मार्गदर्शक अल्फा मागतील. त्यांना मतांच्या भागाचा द्या आणि यादीचा का देत नाही ते प्रबंधात दोन ओळींत लिहा.

## टप्पा ७: मैदानात उतरताना

साखर कारखान्यात गळीत हंगामात जाऊ नका, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. मार्चअखेर कुठेच नको. वसाहतीची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी ते आधी विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये पुराचा अंदाज बघून निघा.

ऑनलाइन फॉर्मची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मिळणारी उत्तरं बहुधा ज्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे त्यांचीच असतात. आकड्यांचा भाग तरी समोर बसून घ्या. निघण्यापूर्वी गेटच्या आत उभं राहूनच फॉर्म चाळा: टनेज आणि वीज एकाच वर्षाची आहे का, प्रति टन आकडा अविश्वसनीय येतो का, शून्य आणि कोरं वेगळं आहे का. पाचातल्या एका ठिकाणी, कोणतं ते चिठ्ठी काढून, यंत्र प्रत्यक्ष बघायची विनंती करा. नकार आला तर तसं नोंदवा. आग्रह नको.

## टप्पा ८: गुण कसे द्यायचे ते डेटा येण्याआधी ठरवा

डेटा हातात आल्यावर गुणपद्धत ठरवली की ती नकळत हव्या त्या निष्कर्षाकडे झुकते. आधी लिहून तारीख घाला.

साधी पद्धत: वापरात असलेल्या बदलांची संख्या भागिले त्या कारखान्याला लागू असलेल्या बदलांची संख्या. यादी दहाची, त्यातले चार लागू नाहीत, तीन चालू आहेत, तर गुण ३/६, म्हणजे ०.५. दहानं भागलंत तर ०.३ येईल आणि छोटं मशीनशॉप विनाकारण मागे पडेल. ‘बसवलं पण बंद’ याला शून्य, पण त्याची वेगळी मोजदाद ठेवा, कारण प्रबंधातलं सगळ्यात वाचनीय प्रकरण त्यातून निघू शकतं. शेवटी लावलेल्या यंत्रणा, प्रक्रियेतले बदल आणि उत्पादनातले बदल यांचे गुण तीन रकान्यांत वेगवेगळे ठेवा. पेटंटची संख्या इथे मोजमाप म्हणून धरू नका, या आकाराच्या कारखान्यांत बहुतेक रकाने शून्यच येतील.

शेवटी कोडबुक, म्हणजे कोणत्या उत्तराला कोणता आकडा द्यायचा त्याची यादी. ‘लागू नाही’ला ९७, ‘माहीत नाही’ला ९८, ‘सांगण्यास नकार’ला ९९ असे कोड देत असाल, तर टनेज आणि युनिटच्या रकान्यांत हे कोड वापरू नका. तिथे ९७ टन हा खराच आकडा असू शकतो. अशा रकान्यांत कोड ऋण ठेवा, −९७, −९८, −९९, आणि सरासरी काढण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये ते गहाळ मूल्य म्हणून नोंदवले आहेत ना, हे प्रत्येक रकान्याचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा छापून पाहा.